आजीचं घर यंदा निशी-कासाईत

पत्र :

«ताई, आम्ही पाच वर्षं टोकियोत, निशी-कासाईला राहतो. यजमान आयटीत आहेत. मुलगी इथल्या सरकारी शाळेत तिसरीत, मुलगा चार वर्षांचा. मुलीला २६ डिसेंबरपासून ७ जानेवारीपर्यंत हिवाळ्याची सुट्टी आहे, यजमानांना फक्त २९ ते ३. चार तिकिटं काढून पुण्याला जाणं यंदा झेपणार नव्हतं, म्हणून सासूबाईंनाच तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. पण त्या आल्यापासून गारठून एका खोलीत बसून आहेत. ‘उगाच आले’ म्हणतात. मुलीच्या वर्गातली सगळी मुलं सुट्टीत ओबाचानच्या, म्हणजे आजीच्या घरी जातात. ‘सुट्टीत काय केलं असं बाईंनी विचारलं तर मी काय सांगू?’ असं ती रोज विचारते. आणि त्याच आजीबरोबर ट्रेनमध्ये बसायची तिला लाज वाटते. आजींची साडी, मोठ्याने बोलणं. परवा म्हणाली, ‘आई, आजीला सांग ना, बाहेर मराठी बोलू नको.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. यजमानांच्या ऑफिसातल्या दोन कुटुंबांनी उत्तरेकडच्या बर्फाळ होक्काइदोची चार दिवसांची सहल ठरवली आहे. साठवलेले पैसे मोडून आम्हीही जावं का? मुलीला सांगण्यासारखं काहीतरी होईल. — एक आई»

प्रिय ताई,

होक्काइदोला जाऊ नका. पैसे मोडून तर नाहीच. वर्षअखेरीच्या त्या आठवड्यात विमानं आणि हॉटेलं सगळ्यात महाग असतात. त्यात सासूबाईंना टोकियोची थंडी सोसवत नाही, त्यांना तुम्ही उणे तापमानात नेणार. चार दिवस त्या हॉटेलच्या खोलीत बसतील आणि ‘उगाच आले’ हे त्यांच्या मनात पक्कं होऊन जाईल. बर्फ मुलांना जरूर दाखवा, त्याचा सोपा मार्ग पुढे सांगते. पण तुमच्या पत्रातलं दुखणं सहलीचं नाही. मुलगी आजीचं घर शोधते आहे, आजी पलीकडच्या खोलीत बसली आहे, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता लागलेला नाही.

मी टोकियोशेजारच्या कावासाकीत अकरा हिवाळे काढले. माझ्या आईनेही तिथे एक हिवाळा काढला, तेव्हा हे सगळं जवळून पाहिलं आहे. म्हणून आधी थंडीचं बोलते. माणूस कुडकुडत असलं की त्याला नातवंडंसुद्धा सुचत नाहीत.

पुण्यातल्या माणसाला वाटतं, एवढा पुढारलेला देश, घरं उबदारच असणार. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला लागलं की कळतं. खिडकीला ॲल्युमिनियमची चौकट, एकेरी काच, आणि ऊब फक्त ज्या खोलीत एसी चालू आहे तिथे. न्हाणीघर, संडास, मधला बोळ सगळं बाहेरच्याइतकं गार. आजी पहाटे पाचला उठून, देवाआधी अंघोळ करायची म्हणून थेट त्या गार फरशीवर उभ्या राहत असतील, तर ते आजच थांबवा. उबदार खोलीतून एकदम गार न्हाणीघरात आणि तिथून कढत पाण्यात गेलं की रक्तदाब एकदम वरखाली होतो. जपानमध्ये याला ‘हीट शॉक’ म्हणतात आणि दर हिवाळ्यात कितीतरी वयस्कर माणसं त्याने जातात. आजींना सांगा, अंघोळ दुपारी बारानंतर. त्याआधी पाच मिनिटं न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर नुसता सोडून ठेवा, म्हणजे खोली वाफेने उबते. टबात बसणार असतील तर पाणी ४१ अंशांच्या वर नको आणि दहा मिनिटांच्या वर बसणं नको. देवपूजेचं म्हणाल तर सकाळी हातपाय धुऊन दिवा लावला तरी चालतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा मुलाने सांगितलेलं जास्त पटेल.

दुसरं, कोतात्सु आणा. बुटकं टेबल, खाली छोटा हीटर, वरून गोधडीसारखी जाड रजई. जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि वीजही एसीच्या मानाने कमी खातो. गुडघ्यांमुळे खाली बसवत नसेल तर खुर्चीवर बसून पाय आत घालता येतील असे उंच कोतात्सुही मिळतात. माझी आई पहिल्या दिवशी त्यात पाय घालून बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. शेंगा सोलणं, वाती वळणं, नातवाला गोष्ट सांगणं, सगळं तिथेच. घरात एक उबदार जागा झाली की घर आपोआप तिच्याभोवती गोळा होतं.

पायांचंही बघा. जपानी दुकानांत अंगठा वेगळा असलेले ‘ताबी’ मोजे मिळतात. ते घातले की आजींना त्यांच्या नेहमीच्या अंगठ्याच्या चपला घालून बाहेर पडता येतं. साडीच्या आत थर्मल, वर स्वेटर आणि गुडघ्यापर्यंत येणारा कोट. खिशात ठेवायच्या गरम पुड्या, काइरो, त्वचेला थेट लावू देऊ नका आणि अंथरुणात तर मुळीच नको. हळूहळू भाजतं आणि कळत नाही. मधुमेह असेल तर पावलांपाशी नकोतच. आणि सकाळी काचांना आतून जे पाणी सुटतं, ते रोज पुसा. आठवडाभर राहिलं की पडद्याला आणि भिंतीच्या कोपऱ्यांना काळी बुरशी धरते, ती निघता निघत नाही.

वर्षअखेरीला टोकियो बंद होतं, हेही आताच लक्षात घ्या. सरकारी कार्यालयं आणि बहुतेक दवाखाने २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात. आजींच्या नेहमीच्या गोळ्या मोजून ठेवा. लहान मुलाला रात्री ताप चढला तर #८००० वर मुलांसाठी सल्ला मिळतो, मोठ्यांसाठी #७११९ आहे, रुग्णवाहिका ११९. सुट्टीत आळीपाळीने उघडा राहणाऱ्या दवाखान्याचा पत्ता वॉर्डाच्या पत्रकात असतो, तो फ्रिजला चिकटवा. कचऱ्याची गाडीही साधारण ३१ ते ३ येत नाही, तक्ता पाहून ओला कचरा आधीच काढून टाका. १ तारखेला रस्ता इतका शांत असतो की आजींना वाटेल काहीतरी झालंय. त्यांना आधीच सांगा, हा यांचा पाडवा आहे, सगळे घरी आहेत.

हे मी मुद्दाम सांगते. जपानी नववर्ष म्हणजे फटाके आणि पार्ट्या नव्हेत, तो घरातला सण आहे. आधी घर झाडून पुसून लख्ख करायचं, ३१ तारखेच्या रात्री सोबा, म्हणजे रश्शातल्या शेवया, खायचा, देवळांतल्या घंटेचे १०८ टोल ऐकायचे, सकाळी एकत्र बसून जेवायचं, मुलांना छोट्या पाकिटात पैसे द्यायचे. तुमच्या मुलीच्या मैत्रिणी ओबाचानच्या घरी जातात म्हणजे काय करतात? कोतात्सुत बसून संत्री खातात, आजी काहीतरी शिजवते, पत्ते खेळतात, पैशांचं पाकीट मिळतं. डिस्नीलँड नाही की होक्काइदो नाही. हे सगळं तुमच्या घरात होण्यासारखं आहे. यंदा आजीचं घर निशी-कासाईतच आहे. फक्त ते घर आजींच्या ताब्यात द्यायला हवं.

तुम्ही त्यांना पाहुणीसारखं ठेवलं असणार, प्रेमानेच. चहा हातात, ताट हातात. पण ज्या बाईने चाळीस वर्षं घर चालवलं, तिला नुसतं बसवून ठेवलं की तिला आपलं ओझं होतंय असं वाटू लागतं. सुट्टी लागली की सकाळचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे सोपवा. गॅसचं बटण, भांड्यांची जागा नातीने दाखवायची. मीठ, साखर, ‘काताकुरिको’ म्हणजे कॉर्नफ्लॉवरसारखं ते बटाट्याचं पीठ, या पुड्यांवरचं जपानी नातीने वाचून दाखवायचं. आजी वाचू शकत नाही आणि मी वाचू शकते, हे आठ वर्षांच्या मुलीला फार सुखावतं.

सोब्याची एक अडचण आहे. बाटलीतल्या तयार रश्शात मासळीचा अर्क असतो आणि सासूबाईंना तो चालणार नसेल. कोम्बु, म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ, आणि सुके शिइताके मशरूम रात्री गार पाण्यात भिजवा, सकाळी मंद आचेवर तापवा, सोया सॉस आणि थोडी साखर घाला, छान रस्सा होतो. मोची, म्हणजे नववर्षाला खातात तो तांदळाचा गोळा, मात्र जपून. ती चिकट असते, घशात अडकते, दर नववर्षाला त्याने माणसं दगावतात. आजींना द्यायचीच तर अगदी बारीक तुकडे करून, समोर बसून. धाकट्याला यंदा नकोच.

आता मुलीच्या अभ्यासाकडे येते, कारण तिथेच मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. इथल्या शाळांत ब्रशने अक्षरं काढायला तिसरीपासून शिकवतात. म्हणजे तुमच्या मुलीची ही पहिलीच ‘काकिझोमे’ असणार, नववर्षाचं पहिलं लेखन, जे परंपरेने २ जानेवारीला करतात. बाईंनी लांबट कागद दिले असतील आणि एक छापील नमुना, ‘ओतेहोन’. तो समोर ठेवून तसंच्या तसं काढायचं. ताई, याला आपण कित्ता म्हणतो. तुमच्या सासूबाईंचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण साठीच्या पुढे असतील तर शाळेत त्यांनी बोरू नाहीतर टाक दौतीत बुडवून कित्ता गिरवला असण्याची बरीच शक्यता आहे. त्यांना विचारा. नुसतं विचारा आणि बाजूला व्हा.

आमच्याकडे हे झालं तेव्हा मी ओट्यापाशी होते. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, माझा मुलगा ब्रश मुठीत धरून जोर देत होता आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी शाईचा गोळा होत होता. आई कोतात्सुतून बघत होती. जपानीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. थोड्या वेळाने ती सरकत सरकत त्याच्या मागे आली, त्याच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘दाबू नकोस. हात उचल. मनगट नाही, खांदा हलव.’ दोघांचा हात मिळून एक आडवी रेघ कागदावर गेली आणि शेवटी अलगद वर उचलली गेली. मग तिने दुसऱ्या कागदावर, त्याच ब्रशने, ‘श्री’ काढला. पहिल्यांदा वेलांटी फराटली, दुसऱ्यांदा नीट आली. मुलगा बघतच राहिला. आजीला लिहिता येतं, तेही ब्रशने, हे त्याला ठाऊक नव्हतं. (ती शाई कपड्यावरून जात नाही. दोघींना जुने कपडे घाला आणि कोतात्सुची रजई आधी गुंडाळून ठेवा.)

लाजेबद्दल. मुलीला रागावू नका, आणि ‘आपल्या भाषेचा अभिमान हवा’ असं भाषणही देऊ नका. ती आजीची लाज बाळगत नाहीये, ती लोकांच्या नजरेला भिते. जपानी शाळेत मुलं पहिल्या दिवसापासून शिकतात की आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास व्हायला नको, ट्रेनमध्ये आवाज करायचा नाही. ती ते मनापासून पाळते आहे. आजी मोठ्याने बोलली की तिला आपणच नियम मोडल्यासारखं वाटतं. तेव्हा भाषा आणि आवाज हे दोन वेगळे करा. तिला सांगा, ट्रेनमध्ये हळू बोलायचं हे बरोबर आहे, आजीला ते तूच समजावून सांग, आणि हळू आवाजात मराठीच बोलायचं. आजींनाही सांगा की हा तुमचा अपमान नाही, इथे सगळेच असे बोलतात. माझा मुलगाही आजीपासून दहा पावलं पुढे चालायचा. मला ते फार लागायचं. मी काही बोलले नाही, आणि ते चांगलं झालं असं आज वाटतं. ते अंतर एका दिवसात भरून आलं नाही, पण आई परत जाईपर्यंत तो तिची पिशवी घेऊन चालायला लागला होता.

बाहेर पडायचं ते आधी अशा ठिकाणी, जिथे आजीला नातीपेक्षा जास्त कळतं. असाकुसाला सुमिदा नदीच्या काठी मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथले शोतेन म्हणजे आपला गणपती. हजार-बाराशे वर्षांपूर्वी बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला आलेला. मूर्ती दाखवत नाहीत, ती कायम झाकलेली असते. पण देवळात जिकडे बघाल तिकडे मुळ्याची जोडी कोरलेली दिसते आणि लोक देवाला अख्खे पांढरे मुळे वाहतात. मुळा तिथेच मिळतो. आपल्याकडच्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा असतो, हे आजींना माहीत असेल तर त्या नातीला सांगतील, नसेल तर दोघी मिळून शोधतील. देऊळ टेकाडावर आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी वर जायला छोटी रुळावरची गाडी आहे. तोझाई लाइनने निहोम्बाशी, तिथून गिंझा लाइनने असाकुसा, मग दहा-पंधरा मिनिटं चालणं. १ ते ३ तारखेला त्या भागात जाऊ नका, जवळच्या सेन्सोजी या मोठ्या देवळाच्या गर्दीत धाकटा चेंगरेल. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो, पण तुम्ही ४ किंवा ५ ला जा, निवांत. साडी नेसूनच न्या. त्या दिवसांत किमोनो घातलेल्या आज्याही दिसतात, तुमच्या आजी वेगळ्या वाटणार नाहीत.

आणि बर्फ. यजमानांना सांगा, २६ नाहीतर २७ डिसेंबरला एक दिवस हक्काची रजा टाका. २९ नंतर गावी जाणाऱ्यांची आणि २-३ जानेवारीला परतणाऱ्यांची झुंबड असते. टोकियोहून जोएत्सु शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, एचिगो-युझावा हे डोंगरापलीकडचं बर्फाचं गाव सव्वा तासाच्या आसपास. मोठ्यांचं एका बाजूचं तिकीट साडेसहा-सात हजार येनच्या घरात, मुलीला अर्धं, आणि सहा वर्षांखालचा मुलगा मांडीवर फुकट. जागांचं आरक्षण महिनाभर आधी सकाळी १० ला सुरू होतं. आजींना यायचं नसेल तर आग्रह नको, पण त्यांना आणि मुलीला जाण्याआधी एक गंमत सांगा. सैबेरियाकडून येणारा वारा जपानच्या समुद्रावरून पाणी उचलतो, मधल्या डोंगरांना आपटतो आणि सगळं ओझं पलीकडे बर्फ करून टाकतो. अलीकडे टोकियोला येतो तो नुसता कोरडा वारा आणि लख्ख ऊन. आजी लगेच म्हणतील, महाबळेश्वरला धो धो आणि खाली वाईला भुरभुर, तसंच की. अगदी तसंच. आणि तो घाट गाडी एका बोगद्यातून ओलांडते, बावीस किलोमीटरच्या. अलीकडे तपकिरी डोंगर, बोगद्याबाहेर पडलं की छपरांवर हातभर बर्फ. मुलीला खिडकीपाशी बसवा आणि तो क्षण चुकू देऊ नका.

तिथे स्कीइंग नकोच, पहिल्या खेपेला घसरगाडी आणि बर्फातलं लोळणं पुरे. कपडे आणि बूट भाड्याने मिळतात. हातमोजे मात्र पाणी न शिरणारे विकत घ्या. माझ्या आईने लोकरीचे विणून पाठवलेले मोजे दहा मिनिटांत भिजून गोठले आणि मुलगा हात काखेत घालून रडत बसला. विणलेले मोजे टोकियोत वापरा, तिथे ते सुरेख चालतात.

वर्गातली एखादी मैत्रीण ४ तारखेनंतर घरी बोलवा. तिच्या आईला चार दिवस आधी विचारा, वेळ ठरवा, दोन ते चार असं, आणि खायला काय देणार तेही कळवा. इथे ॲलर्जीचा विचार फार करतात. शाळेत घरचं खायला नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिळगूळ वर्गात वाटायचा विचार असेल तर सोडून द्या. तो या मैत्रिणीलाच द्या, संक्रांत आठ-दहा दिवसांवर असली म्हणून बिघडत नाही. तीळ कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात भाजलेले मिळतात. आजींनी लाडू वळायचे आणि मुलींनी वळून बिघडवायचे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’चं जपानी काय, ते तुमची मुलगी मैत्रिणीला कसं सांगते ते बाजूच्या खोलीतून ऐका.

शाळेत नेण्याआधी काकिझोमेचा कागद पुरता वाळवावा लागतो, नाहीतर गुंडाळताना शाई पलीकडे उमटते. तो खिडकीशी ठेवू नका, तिथे काचेचं पाणी ओघळतं. खोलीच्या मध्ये दोरी बांधा आणि चिमटे लावून टांगा, नातीचा कागद आणि शेजारी आजींचा.